गाढीकाठचे रविवार

६ नोव्हेंबर, रविवार

नेऱ्यापर्यंत डंपरची धूळ. पुढे मात्र गाढी नदी अजून आपल्या जागी आहे. भात कापून झालंय, खाचरांत उडव्या रचल्यात. धोदाणीच्या चढावर मी उतरून सायकल ढकलली. प्रमिला नाही उतरली. ती गव्हाणची, मिठागरवाल्यांच्या घरातली. शाळेसाठी पनवेलला मामाकडे राहायची. कॉन्व्हेंटच्या मैदानात मला सायकल शिकवली ती तिनेच. निळा पिनाफोर चेनमध्ये अडकून फाटला, सिस्टरनी दोघींना उभं केलं, आणि आम्हांला हसू आवरेना. नवरा, डेव्हिड, गेल्यावर मला पुन्हा सायकलवर बसवलं तेही तिनेच. तेव्हापासून दर रविवारी हे खोरं.

परतताना चहाच्या टपरीवर खारघरच्या सायकल ग्रुपची मंडळी भेटली. पुढारी अनिकेत, नम्र मुलगा. मोठा रस्ता टाळून नदीच्या कडेकडेने धरणापर्यंत जाता येतं, हे ऐकून म्हणाला, आँटी, तुम्हीच आम्हांला रूट आखून द्या. प्र. एवढी खुलली की आणखी एक चहा मागवला.

संध्याकाळी इस्रायलहून, अश्दोदहून लेकीचा, नेओमीचा फोन. हनुक्काच्या सणापर्यंत काय ते ठरव, म्हणजे खालची खोली तुझ्यासाठी ठेवते. म्हटलं, माझा रविवार इथे आहे. तर म्हणते, 'आई, रविवार आमच्याकडेपण असतो.'

असतो. पण तिथे तो कामाचा वार.

१३ नोव्हेंबर, रविवार

रूट पक्का केला. नेरे सोडल्यावर डावीकडे, फार्महाऊसच्या भिंती संपेपर्यंत जायचं, मग नदीला लागून खालचा रस्ता. ओढ्यावरच्या फरशीवर खडी सुटलीय, तिथे सगळ्यांनी उतरायचं. वाजेगावाच्या अलीकडे दोन मोठी चिंचेची झाडं, तिथे थांबून मागच्यांची वाट बघायची. प्र.ला हा थांबा नको होता, वेग मोडतो म्हणून. मी हट्टाने ठेवून घेतला.

ग्रुपमध्ये पुढे एक जण लागतो आणि सगळ्यांत मागे एक, कुणी सुटू नये म्हणून. पुढे प्र., मागे मी. इतकी वर्षं असंच चालू होतं, आता त्याला हुद्दा मिळाला.

काल सिनेगॉगमध्ये नऊच पुरुष. दहा लागतात; दहावा शेवटपर्यंत आला नाही, त्यामुळे तोराची पोथी बाहेर काढता आली नाही. बायकांत मी आणि शेजारच्या सुलोमीताई. त्याही मार्चमध्ये तिकडेच मुलाकडे निघाल्यात. मला विचारतात, तू मागे राहून काय करणार? म्हटलं, सायकल चालवणार.

२१ नोव्हेंबर, सोमवार

ग्रुपवर मेसेज. नदीखोऱ्याची राइड: शुक्रवार, २ डिसेंबर, दुपारी चारला निघायचं. धरणावर सूर्यास्त बघायचा, मग तिथेच एका शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी. लीड: प्रमिलाताई. शेवटी कोण, ते लिहिलेलं नाही.

पाठोपाठ प्र.चा फोन. ते शनिवार म्हणत होते, मी म्हटलं रिबेकाला शनिवार चालत नाही. टाळला बघ तुझ्यासाठी.

फोन ठेवल्यावर भाजी करपली.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रभर एकच. तिला खरंच आठवलं नसेल?

मी फारसं काही पाळत नाही. शनिवारी टीव्ही बघते, फोन घेते. पण शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवा लावायचा आणि मग उंबऱ्याबाहेर जायचं नाही, एवढं आईचं ठेवलंय. आमचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. हे साऱ्या पनवेलमध्ये कुणी विसरलं तर चालेल. प्र. नाही. लहानपणी दर शुक्रवारी आईने दिवा लावला की मामाच्या घरी हिला बोलावणं जायचं. आम्ही विस्तवाला, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, म्हणून शेगडी विझवायची ती, झोपायच्या वेळी बल्ब बंद करायची ती. आई तिच्या ओंजळीत गव्हाच्या चिकाचा हलवा ठेवायची. 'माझी शुक्रवारची लेक' म्हणायची तिला. मला हेवा वाटायचा.

बटण बंद करणारा हात विसरतो का?

२४ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या घरी गेले. बंगल्याच्या अंगणात सायकल उलटी करून चेन पुसत बसली होती. विचारलं. आधी म्हणाली, लक्षातच नाही आलं गं. मी हलव्याची आठवण दिली. मग म्हणाली, अनिकेतचं सगळं ठरलं होतं, रविवारी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जमत नाही, एवढ्या माणसांना मी काय सांगू?

'माझं नाव सांगायचंस,' मी म्हटलं.

प्र. शाळेतल्यासारखं शुद्ध बोलते, राग आला की गव्हाणची होते. फडकं खाली टाकलं.

'तुमची सगली गेली. तू पन जाशील. मना हितंच रवाचा हाय, रिबेका. मंग कोनाबरोबर जाऊ मी? एकटीच धोदानी चढू?'

मी जाणार असं मी कधी म्हटलं, विचारलं. म्हणाली, सुलोमीताईपण म्हणत नव्हत्या.

तिच्या सुनेने सरबत आणलं. दोघींनीही प्यायलं. सून विचारते, पोपटीला अंडी घालायची की नुसते वाल?

घरी येताना खांदा कॉलनीच्या सिग्नलला दोनदा हिरवा होऊनही तशीच उभी. मागून रिक्षावाला ओरडला तेव्हा हलले.

वाईट याचं वाटतं की विसरली असती तर मी माफ केलं असतं. तिने आठवूनच ठरवलं. माझ्या जागी माणसं शोधायला निघाली, मी इथे असताना.

२ डिसेंबर, शुक्रवार

दिवा लावायला अजून वेळ आहे, तेवढ्यात लिहिते.

पावणेपाचला खालून गेले सगळे. खारघरहून येणाऱ्यांना हाच रस्ता. पुढे प्र., पिवळं जाकीट. वर बघितलं नाही. बघितलं असतं तर मी आत गेले असते, हेही खरं. सगळ्यांत मागे कुणीतरी मुलगी, कानात इयरफोन. मागच्या माणसाने कानात काही घालायचं नसतं. तिला कुणी सांगितलं नाही.

आता ते फरशीवर असतील.

४ डिसेंबर, रविवार

प्र.चा मेसेज: पाय दुखतायत, आज राहू दे. एकटीच गेले. टपरीवाली म्हणाली, ताई, जोडीदारीण कुठंय? म्हटलं, पाहुणे आलेत.

वळणावळणावर ग्रुपने चुन्याच्या फक्कीचे बाण काढलेत. माझी वळणं. पण नदीच्या रस्त्याला बाण नाही. तिथून सरळ डांबरी रस्त्याने नेलंय सगळ्यांना. चिंचांखाली कुणी थांबलेलं दिसत नाही, नाहीतर केळ्यांच्या साली तरी असत्या. म्हणजे नदीच न बघता धरणावर जाऊन फोटो काढले. ग्रुपवर चाललंय, काय सुंदर रूट, प्रमिलाताई ग्रेट.

मी खालच्या रस्त्याने गेले. पाणी स्वच्छ, खंड्या बसला होता. दाखवायला कुणी नाही म्हटल्यावर फार वेळ बघवलं नाही.

११ डिसेंबर, रविवार

सहाला खाली घंटी. प्र. मी बाल्कनीतून म्हटलं, टायरमध्ये हवा नाही. ती पंप घेऊन वर आली. दारातच बसून दोन्ही चाकं भरली. माफी वगैरे काही नाही. मीही मागितली नाही.

गेलो. बोलणं बेतास बात. वालाला फुलं आलीत, तुझी सून कशी आहे, असं. वाजेच्या पुढे मग म्हणाली, अनिकेतला नदीचा रस्ता नको होता, खडी आहे म्हणून. मी भांडले, ऐकलं नाही. आणि पुढच्या महिन्यापासून राइड रविवारीच.

'तसं सांगितलंय मी त्यांना. तू आहेस तवर रविवारीच ठेवा म्हणून.'

खूप मायेने म्हणाली. पाठ थोपटली, चालत्या सायकलवर, शाळेत थोपटायची तशी. आणि पुढे निघून गेली. मी ब्रेक न लावताच हळू होत गेले.

तू आहेस तवर.

संध्याकाळी नेओमी. नेहमीचं सगळं विचारून झालं. जेवलीस का, गुडघा कसा आहे. मग, 'आई, तिकिटं बघू का?'

दर वेळी या प्रश्नाला माझ्याकडे रविवार असतो. आज म्हटलं, बघ.

मग ती रडायलाच लागली, आनंदाने. मला तिला सांगायचं होतं, बघ म्हणजे नुसतं बघ, काढू नकोस अजून. रडू थांबेपर्यंत वाट पाहिली. थांबलं तेव्हा ती नातवाला हाक मारून सांगत होती, आजी येतेय.