हरकत घेणाऱ्याला हलवा

मी, रामदास भिकाजी गमरे, वय साठ, धर्म बौद्ध, गिरणीच्या रिंग खात्यातून, म्हणजे सूतकताईतून, निवृत्त, राहणार परळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीत कापूस बसला आहे आणि डॉक्टर फार आशा देत नाहीत. डोके मात्र शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जन्मभर दबाव टाकणारे पुष्कळ भेटले, त्यांना यातून काही मिळायचे नाही.

चाळीतली खोली पत्नी सुंदराबाई हिच्या नावे व्हावी. शिवणयंत्र तिचेच आहे, ते देणारा मी कोण? तिला कोणी "आता गावी जाऊन राहा" असे सुचवू नये. गावच्या विहिरीवर आम्हाला किती मान होता, ते तिला ठाऊक आहे.

मुलगी शैला हिला माझे घड्याळ द्यावे. चौथीत ती पहिल्या बाकावर बसत असे. दोन पालकांनी हरकत घेतली, तेव्हा हेडमास्तर गोड आवाजात मला म्हणाले, "गमरे, मुलीला त्रास नको, तिला दुसऱ्या वर्गात बसवतो." त्रास देणाऱ्यांची मुले जागची हलली नाहीत. शैला आज स्वतः मास्तरीण आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

मुलगा आनंदा याला माझे पाने, पक्कड आणि तेलाची बुदली. साचा, म्हणजे कापड विणायचा माग, मात्र मी त्याला मिळवून देऊ शकलो नाही. तो विणकाम शिकलेला, सर्टिफिकेटवाला. पण मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की साचेवाला धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढतो, आणि आमचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नाही, म्हणून साचेखाते आम्हाला बंद. पुढे गिरणीने तोंड न लावता धागा ओढायचा तारेचा आकडा आणला. मला वाटले, मिटले. तेव्हा साचेवाले म्हणाले, आकड्याने खोळंबा होतो. मग म्हणाले, जेवणाचे डबे शेजारी ठेवावे लागतात. मग म्हणाले, तुम्ही तर बौद्ध झालात, आता कसली शिवाशिव? नाचता येईना अंगण वाकडे. आनंदा अजून रिंग खात्यातच आहे.

साचेखात्यातला युनियनचा प्रतिनिधी दत्ताराम लवू परब हा माझा मित्र. संयुक्त महाराष्ट्रासाठी आम्ही दोघे तुरुंगात गेलो, एका भांड्यातून पाणी प्यालो. सुटल्यावर मी आनंदासाठी त्याच्या दारी गेलो. तो म्हणाला, "रामदासा, माका काय नाय रे. पण खात्यातली माणसा आयकाची नाय. पोराक रिंगमध्येच सांभाळून घेऊया." ते सांभाळून घेणे मला शिवीपेक्षा जास्त लागले. माझ्या शोकसभेत दत्तारामने भाषण करू नये. मला राग आहे, आणि तो माझ्याबरोबर जळायचा नाही.

माझा गिरणीचा प्रॉव्हिडंट फंड शिल्लक आहे, तो युनियनच्या वाचनालयाला द्यावा. सुंदराबाई म्हणाली, "त्यांच्या घशात कशाला घालता?" फुकट घालत नाही. वर्षाच्या आत युनियनने ठराव करून तो साचेखात्याच्या फळ्यावर लावावा: जातीवरून कोणतेही खाते कोणाला बंद नाही, शेजारी अमका नको अशी हरकत आली तर हरकत घेणाऱ्याला हलवावे, ज्याच्यावर हरकत घेतली त्याला नव्हे, आणि निवाडा करणाऱ्यांत आमचा माणूस असावा. "सर्वांना समान वागणूक" असे गुळमुळीत लिहून भागवले तर फंड शैलाच्या शाळेला जावा, आणि तिथेही हीच अट.

पुढल्या महिन्यात मुंबईसह महाराष्ट्र होणार म्हणतात. त्यासाठी लाठी खाल्ली, त्याचे दुःख नाही. पण मुंबई मराठी माणसाची म्हणताना त्यात माझा मुलगा धरला आहे का, हे कोणी सांगत नाही.

साक्षीला मुद्दाम दत्तारामला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते, मी वाचायला लावला. शोकसभेचे वाचून त्याने पान उलटले. अटीपाशी थांबला.

"म्हणजे आनंदा खात्यात इलो आणि मी हरकत घेतलंय, तर माकाच हलवतले?"

"हो. तू घेणार आहेस का हरकत?"

त्याने पेन खाली ठेवले, चपला घातल्या आणि गेला. म्हणून शेजारच्यांना हाक मारली आहे.

रामदास भिकाजी गमरे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. गणपत धोंडू तांबे, रिंग खाते (सही)
२. कौसल्या वसंत शिर्के, शेजारीण (सही)

परळ, मुंबई. दि. २० एप्रिल १९६०