लग्न होईपर्यंत हात खाली

५ एप्रिल १९८३, मंगळवार
आजपासून राग बंद. ही डायरी त्यासाठीच काढली आहे. कारखान्यानं सस्पेंड केल्यामुळे वेळ भरपूर. फोरमनला मी मारलं हे साफ खोटं. मी हात झटकला, तो मध्ये आला.

रिह्याच्या, म्हणजे तिच्या गावच्या, वाटेवर रंभा भेटली. पळून लग्न करायला तयार आहे. तिचा बाप कोंडाजी सरळपणे मुलगी देणार नाही, कारण बैलगाड्याच्या शर्यतीत मी त्याच्या भावाचा हात मोडला होता. एकच हात, तोही डावा. एवढंसं मनात धरून बसतात माणसं.

रंभाला मांडव, बँड, पंगत काही नको. धरणाच्या पल्याड रानात वाघजाईचं देऊळ आहे, तिथं मोजकी माणसं न्यायची. अट एकच. लग्न होईपर्यंत मी कोणावर हात उचलायचा नाही. म्हणाली, "आमच्या आईचं मनगट बापानं मोडलंय. मारणाऱ्याच्या घरातनं निघून मारणाऱ्याच्याच घरात यायचं, तर मी हाय तितंच बरी." मी हसलो. म्हटलं, ही कसली अट? मी मुळात शांत माणूस.

८ एप्रिल, शुक्रवार
पौडच्या कमरुद्दीनची जीप ठरवली. लहानपणचा दोस्त. तरी मला म्हणतो, "भिवा, तुझा काय भरवसा? पोरीचा इचार कर." मी कॉलर धरली. कॉलर धरणं म्हणजे हात उचलणं नव्हे. हात खांद्याच्या वर गेलाच नाही. सोडल्यावर तो आपणहून बॉनेटवर पडला. ओठ फुटला. जीप आणणार आहे. एकूण दिवस चांगला गेला.

१३ एप्रिल, बुधवार
देवळाची पाहणी. जागा फर्स्टक्लास. खाली धरणाचं पाणी, भोवती करवंदाच्या जाळ्या, माणूस औषधालाही नाही. कोणी ओरडलं तरी खाली ऐकू जायचं नाही, हा आणखी एक फायदा.

गेणबा गुरव अडून बसला. म्हणे पोरीच्या बापाला इचारल्याबिगर अक्षता टाकणार न्हाई. मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून समजावलं. समजावताना त्याचा एक दात पडला. हलतच असावा. २४ तारीख नक्की झाली, रविवार.

रंभाला यातलं काही सांगायचं नाही. उगाच गैरसमज.

१७ एप्रिल, रविवार
रंभाचा धाकटा भाऊ जयसिंग घरी आला. एकटा तोच आपल्या बाजूचा. नीट बसता येईना त्याला. सदरा वर करून दाखवला. कोंडाजीला रंभाचं गाठोडं सापडलं होतं. ती कुठं निघाली ते सांग म्हणून त्यानं पोराला आसुडानं फोडून काढलं. पाठीवर जागा शिल्लक नाही. तरी पोरगा बोलला नाही. मला म्हणतो, "दाजी, माझं काय न्हाई. अक्काला तेवढं सुखात ठेवा."

मग डोकं फिरलं. कुऱ्हाडीचा दांडा घेऊन रिह्याला निघालो. आईनं बाहेरून कडी लावली. दार मोडलं. दार म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे अट शाबूत. आईचं बोट फटीत सापडलं. लागलं न्हाई म्हणाली. शेवटी जयसिंगच पायाला मिठी मारून बसला म्हणून गेलो नाही. हा संयम रंभानं बघायला हवा होता.

तिचा निरोप असा: सगळे विधी सोडले तरी चालतील, कानपिळी मात्र हवी. म्हणजे भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. आणि तीही आधी, मंगळसूत्र नंतर. मी म्हटलं, पिळ म्हणावं, उपटून हातात दिला तरी चालेल. बायकांना हौस असते.

२० एप्रिल, बुधवार
कानपिळीची प्रॅक्टिस. आधी आईला बसवलं. तिचं उजवं बोट सुजलंय, डाव्या हातानं पिळला. काहीच झालं नाही. पण आईचं पिळणं ते काय पिळणं. मग शेजारच्या नथूला बोलावलं. पहिल्या वेळी त्याचा डोळा काळानिळा झाला. दुसऱ्या वेळी फक्त ढकललं. तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. प्रगती उत्तम.

२४ एप्रिल, रविवार, पहाटे
नवा शर्ट. राग शून्य. आज लग्न.

२६ एप्रिल, मंगळवार
काल लिहवलं नाही.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. रंभा हिरव्या साडीत, मुंडावळ्या बांधलेली. अंतरपाट एका बाजूनं कमरुद्दीननं धरला, दुसऱ्या बाजूनं नथूनं. गेणबानं थोडक्यात मंगलाष्टका उरकल्या. हार घातले. रंभा माझ्याकडे बघून हसली. मग जयसिंग पुढं आला, "दाजी, माफी असावी" म्हणाला आणि त्यानं कान धरला.

पुढचं मला कमरुद्दीननं सांगितलं. जयसिंग पायरीवर आडवा. नाकाचं हाड मोडलेलं. रक्त रंभाच्या साडीवर, माझ्या नव्या शर्टावर, अक्षतांच्या ताटात.

रंभानं मुंडावळ्या सोडल्या, अंतरपाट घेऊन भावाच्या नाकाला लावला, त्याला उचलून जीपमध्ये बसवलं. मला कोणी बस म्हणालं नाही. चालत आलो. मंगळसूत्र खिशातच.

जयसिंगनं जरुरीपेक्षा जोरात पिळला, हे माझं मत कायम आहे.

२९ एप्रिल, शुक्रवार
येईल. हार घातलेत म्हणजे अर्धं लग्न झालंच. रविवारपर्यंत नक्की येईल.

२ मे, सोमवार
आली नाही. पौडच्या एस.टी. स्टँडवर दिसली. जयसिंगच्या तोंडाला पट्ट्या, त्याला पुण्याला दवाखान्यात नेत होती. मग मावशीकडेच राहणार म्हणाली. मी सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, माझ्या मनात काही नव्हतं, हात आपोआप गेला.

तेव्हा म्हणाली, "त्येच तर. ठरवून मारलं आसतं तर तुमची समजूत घातली आसती. आता कुणाची घालू?" गाडी लागली, ती जयसिंगला धरून चढली. मी खिडकीपाशी गेलो, तर तो पोरगा आत सरकून बसला.

घरी आलो. आईनं चूल पेटवली होती. चहा टाकावा म्हणून मी तिच्या मागून फळीवरच्या साखरेच्या डब्याला हात वर केला. आईनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

म्हटलं, आई, डबा काढतोय.

व्हय, म्हणाली. पण हात खाली घेतले नाहीत.