पाडव्याला दारात आलेलं भेकर

स्टॅनमोर, लंडन,
कार्तिक, २००७

तीर्थस्वरूप नंदावन्सं यांस,

सुप्रभाचा वाकून नमस्कार. (इथल्या थंडीत गुडघे वाकायला तयार नाहीत, म्हणून कागदावरच वाकते. गोड मानून घ्या.) तुमची कंबर, समोरच्यांचं भांडण आणि तुमचे बंधुराज, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. बंधुराज रोज तुमच्याकडे जेवतात असं फोनवर कळलं. जेवू द्या, पण भात दुसऱ्यांदा वाढू नका, आणि 'घरी मला असं कुणी करून घालत नाही' असं म्हणाले तर तोंडावर विश्वास दाखवून मनातून ठेवू नका. लग्न झाल्यापासून मी हेच करत आले.

तुमचं पत्र मिळालं. प्रश्न पुष्कळ विचारलेत, पण सगळ्यांचा अर्थ एकच, की सूनबाई बोलायला लागली का. तेवढ्याचसाठी तर मला इकडे धाडलंत. खरं तर तिकीट बाळंतपणाचं होतं, माघातलं. ऋजुताचं पाचव्या महिन्यात गेलं आणि ते अलीकडे ओढावं लागलं. बॅगेत भरायला ठेवलेला डिंक, अळीव, खारका तशाच घेऊन निघाले, कारण तुम्ही म्हणालात, बाळ नसलं तरी बाळंतीण आहेच. ते खरंच होतं. पण बाळंतीण वरच्या मजल्यावर पडदे ओढून बसलेली. अवधूत ऑफिसला जायचा, म्हणजे पळायचाच, आणि खाली मी.

मी कसूर केली असं मात्र कुणी म्हणू नये. लाडवाची बशी घेऊन तिच्या दाराशी उभी राहायची. दार उघडलं नाही तर बाहेरूनच बोलायची. जोशांच्या सुनेचं दोनदा गेलं आणि आता तिला जुळे आहेत, हे मी तिला बंद दारातून किती वेळा ऐकवलं असेल ते देवच जाणे. ती बाथरूममध्ये जाऊन बसायला लागली, तर मी बाथरूमच्या दाराशी अळिवाच्या खिरीचे गुण सांगितले. मनात म्हणायची, हिला एकटं सोडायचं नाही. आणि ती दिवसेंदिवस अशी वाळत चालली, की एका रात्री मला भीती वाटली वन्सं, ही पोर आपल्या हातची जाते की काय.

तर पाडवा. (विषय सोडला असं समजू नका, हाच विषय आहे.) सकाळी मागचं दार उघडून बाहेर आले, सडा-रांगोळी करायला. इथे सडा घालायला माती नाही, फरशी आहे, पण सण म्हणजे सण. बघते तर कपडे वाळत घालायच्या तारेखाली एक भेकर उभं. आंबोलीला आपल्याला दिसलं होतं ना, आखूड पायांचं, कुबड काढल्यासारखं चालणारं, तस्संच. इथे आजूबाजूच्या रानात ती पुष्कळ आहेत, रात्री येऊन लोकांचे गुलाब खातात. पण याच्या पोटातून एक बाण बाहेर आलेला. खरोखरचा बाण, मागे पिसं लावलेला. इथे धनुष्यबाणानं हरीण मारायला कायद्यानं बंदी आहे. तरी कुणा नतद्रष्टानं मारला आणि अर्धवट टाकून दिला.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? तेच मी केलं. एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात हळदीची वाटी, आणि 'ये बाळा, ये' करत पुढे गेले. ते गवतातून लंगडत शेडच्या मागे जाऊन आडवं झालं. मला वाटलं, वा, समजलं याला. मी शेडला वळसा घालून पलीकडून गेले. तशी ते जे उठलं, ते माझ्या अंगावरून, हळदीवरून, कुंपणाच्या फटीतून पार दिसेनासं झालं. मग मला भान आलं, की वर्षाच्या सणाला दाराशी रक्त सांडलंय. घरात हे असं झालेलं, त्यात हा अपशकुन, ऋजुतानं वरून पाहिलं तर? म्हणून बादल्यांवर बादल्या ओतल्या, फरशी घासली, गवतावरही पाणी मारलं, आणि वर झकास सहा पाकळ्यांचं कमळ काढलं.

अवधूत उठल्यावर त्याला सांगितलं. त्यानं पोलिसांना फोन केला, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईला केला (ती म्हणाली, सापडलं की येते), आणि शेजारच्या मिसेस हॉलंडला बोलावलं. ही बाई तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या फोडणीबद्दल जिनं अवधूतला चिठ्ठी पाठवली, तीच. वय माझ्याएवढं, पाठ मात्र विळीसारखी ताठ. नवऱ्याबरोबर जन्मभर स्कॉटलंडच्या डोंगरात हरणं मारली, जिन्याच्या भिंतीवर त्यांची शिंगं टांगली आहेत. असल्या बाईला दयामाया काय असणार, असं मी अवधूतला मराठीत म्हणालेसुद्धा, तिच्यादेखत, हसऱ्या चेहऱ्यानं.

ती आली ती लांब पट्ट्याला कुत्रा बांधून. पहिलं रक्त कुठे पडलं, तिनं विचारलं. मी कमळाकडे बोट दाखवलं. तिनं कमळाकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.  (चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.) पण जाताना रांगोळीला वळसा घालून गेली, एवढं सांगितलं पाहिजे. शेडमागचं मी धुतलं नव्हतं. तिथे पाचोळा दबलेला, त्यावर काळपट रक्त आणि चघळलेल्या गवताचा अंश. तिनं बोटावर घेऊन वास घेतला आणि सांगितलं, बाण पोटात लागलाय. असं जनावर लांब जात नाही, जवळच आडोसा बघून आडवं होतं. मागे कुणी येत नाही अशी खात्री पटली की तिथून हलत नाही. आपण थांबायचं असतं. मागे लागलं तर अंगातला उरलासुरला जीव गोळा करून ते पळतं, आणि मग अशा ठिकाणी जाऊन मरतं की कुणालाच सापडत नाही. मग तिनं विचारलं, इथून त्याला कुणी उठवलं. तिथेच पडलेली हळदीची वाटी मी उचलून पदराआड घेतली.

आता काय करायचं, अवधूतनं विचारलं. चहा, ती म्हणाली. मला संताप आला वन्सं. तिकडे मुकं जनावर तळमळतंय आणि ही चहा मागते! पण ती स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. पुन्हा आडवं होऊ दे त्याला, दुपारनंतर जाऊ, म्हणाली. मी उठले की ती मानेनंच 'बसा' म्हणायची. अवधूतनं लॅपटॉप उघडून शोधायला म्हणून सगळ्या स्टॅनमोरच्या नकाशाचे रंगीत चौकोन पाडले आणि प्रत्येकाला नंबर दिले, त्याला ऑफिसात पगार याचाच मिळतो. मिसेस हॉलंडनं चकली मोडून आत काय आहे ते पाहिलं. मला आयुष्यात इतका वेळ गप्प बसल्याचं आठवत नाही. आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, की मी इथे आल्यापासून आमचं घर इतकं शांत कधी झालंच नव्हतं.

तर जिन्यात पावलं वाजली. ऋजुता. कुणी बोलावलं नव्हतं, लाडू दाखवला नव्हता. खुर्ची ओढून बसली. माझ्या ओठांवर एकदम चार प्रश्न आले, तशी मी अख्खी चकली तोंडात कोंबली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आई, मी खिडकीतून बघितलं सगळं. ते गल्लीकडे नाही गेलं. फेन्समधून निघून सरळ मागच्या रानाकडे, कॉमनवर गेलं, त्या पडलेल्या ओकच्या मागे. I was watching the whole time. मला कुणी विचारलंच नाही."

दुपारी निघालो. पुढे कुत्रा आणि मिसेस हॉलंड, मागे ऋजुता, मग मी, सगळ्यात मागे अवधूत आणि त्याचे चौकोन. मिसेस हॉलंड म्हणाली, रक्ताचा प्रत्येक थेंब खुणेनं दाखवत चला, म्हणजे माग तुटला तर परत शेवटच्या खुणेवर येता येतं. ती कागदाचे तुकडे काढत होती, पण माझ्या स्वेटरच्या खिशात सकाळची रांगोळी होतीच. मग मी काय केलं, थेंब दिसला की शेजारी चिमटीनं पांढरा ठिपका. सकाळी जे धुतलं, ते दुपारी वाकून वाकून शोधत होते. (गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही.) दोनदा माग तुटला. दोन्ही वेळा ऋजुतालाच सापडला, एकदा पानाच्या खालच्या बाजूला, एकदा तारेला चिकटलेल्या केसांवरून.

ते काटेरी जाळीत सापडलं. पाय पोटाशी घेतलेले. मिसेस हॉलंडनं लांबूनच काठीनं डोळ्याला स्पर्श केला, पापणी हलली नाही, तशी नकारार्थी मान हलवली. अंग अजून गरम होतं. सकाळी शेडमागून मी उठवलं नसतं, तर डॉक्टरीणबाईनं येऊन शांतपणे सोडवलं असतं त्याला. हे ती बोलली नाही, पण मला समजतं. नर होता. मादी असती तर मला हे पत्र लिहवलं नसतं.

ऋजुता चिखलात खाली बसली. त्याच्याकडे बघत राहिली. मग कानावरून एक बोट फिरवलं, नुसतं एक. आणि म्हणाली, "आई, त्यांनी मला विचारलं होतं हॉस्पिटलमध्ये, बघायचंय का म्हणून. मी नाही म्हटलं. मला बघायचं होतं."

वन्सं, त्या दिवशी फोनवर तुम्ही, मी, तिची आई, सगळ्यांनी एका सुरात तिला सांगितलं होतं, बघू नकोस, माया लागेल. जशी काही लागायची राहिली होती!

मग ती रडली. काय रडली म्हणून सांगू. माझ्या जिभेवर जोशांची सून होती, जुळे होते, देवाची मर्जी होती, सगळं तयार होतं. मी त्यातलं काही बोलले नाही. तिच्याशेजारी चिखलात बसले, पाडव्याची नवी साडी नेसून. अवधूत आला आणि तोही बसला, आणि माझा पोरगा मी लहानपणानंतर पहिल्यांदा रडताना पाहिला. मिसेस हॉलंड कुत्र्याला घेऊन लांब एका झाडापाशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, अगदी अंधारून येईपर्यंत. तिला दयामाया नाही असं मी म्हणाले होते, ते मागे घेते. फोडणीचं मात्र माझंच बरोबर आहे.

पोलीस आले, बाण आणि भेकर घेऊन गेले. मारणारा काही सापडला नाही. रात्री ऋजुता खाली जेवली. आमटी-भात, थोडासाच. सगळं ठीक झालं असं मी म्हणत नाही. वरचे पडदे दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढलेलेच होते. पण मी जिन्याच्या खालच्या पायरीवर मेथी निवडत बसते, आणि मनात आलं की ती येऊन बसते.

तुमच्या बंधूंना माझा नमस्कार, आणि औषधाची आठवण.

तुमची
सुप्रभा

ता. क. दर रविवारी फोन करून 'आता पुढचं कधी' असं तिला विचारू नका. ज्योतिषाला तिची पत्रिकाही दाखवू नका. दाखवली असेल तर तो काय म्हणाला ते मला कळवू नका. राग आला तर येऊ द्या, मी परत आले की भांडू.

ता. क. डिंकाचे लाडू संपले. मिसेस हॉलंडनं डबाभर नेले, कुत्र्याला आवडले म्हणाली. तिच्या कोटावर चुरा होता.

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. इथल्या दफनभूमीत एका कोपऱ्यात अशा बाळांना ठेवतात. आपलंही तिथेच आहे. ऋजुताला तिथे जायचंय. काल मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, आई, तिथे गेल्यावर हाक काय मारू?  मुलगी होती वन्सं. तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं. नाव ठेवायचं ते आत्यानं, आणि अवधूतला बहीण नाही. त्याच्या बारशाला नाव तुम्हीच ठेवलंत, आता त्याच्या लेकीचंही तुम्हीच ठेवा. पत्र पोचलं की फोन करा आणि ऋजुताला द्यायला सांगा. कशी आहेस, जेवलीस का, काही विचारू नका. बारशाला कानात सांगतात तसं नुसतं नाव सांगा, हळू.