दहावा नंबर, न ऐकता

एडमंटन,
९ जानेवारी १९८६

ती. स्टेफा आत्यास,
सा. न. वि. वि.

आपल्या सात जानेवारीच्या युक्रेनी नाताळसाठी तू पाठवलेला खोका परवा, अगदी सणादिवशी पोचला. बाहेर उणे एकतीस असल्यामुळे बटाटा भरलेल्या पिरोही वाटेत जराही सैलावल्या नव्हत्या. बाबांनी एका बैठकीत चौदा खाल्ल्या आणि मग ओठ पुसत म्हणाले की, कॅल्गरीचं पाणी लागल्यापासून स्टेफाच्या हाताची चव गेली. तुझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तरी बहीण शत्रूच्या गावी दिली हे दुःख काही त्यांचं ओसरत नाही.

आता कामाचं. आमच्या साप्ताहिकाची खोड तुला माहीत आहेच. दर मार्चला आम्ही 'कॅल्गरीचे दहा सर्वोत्तम रॉक बँड' छापतो, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, आणि त्यात सर्वोत्तम हा शब्द सोडून सगळे शिव्याशाप असतात. महिन्याभराने तुमच्याकडचे लोक आमच्या बँडची तशीच परतफेड करतात. पाच वर्षं ही यादी मी लिहितोय, आणि खरं सांगतो, निम्मी यादी टेबलाशी बसून लिहिली. या वर्षी तसं करणार नाही. दहाच्या दहा बँड ऐकणार, प्रत्येक दोनदा. एकदा अगदी पुढे उभं राहून, आणि एकदा मागे, दाराजवळ कोट टांगतात तिथून. पुढे उभं राहिलं की सगळेच चांगले वाटतात. कोटांपाशी काय पोचतं ते खरं. संपादक हसले. कॅल्गरीवाले समजतील आपण मऊ पडलो, असं त्यांचं म्हणणं. समजू देत, म्हटलं.

तेव्हा मार्चपर्यंत दर शुक्रवारी तुझ्या तळघरातला सोफा मला लागेल. गुरुवारी माझ्या नव्या बँडची तालीम असते, ती चुकवत नाही. बाकी मी तुझाच.

बाबांचा नमस्कार, तक्रारीसकट. तुझा लोभ सोफ्याइतका तरी लांब असू दे.

तुझा,
रोमान


कॅल्गरी,
१५ जानेवारी १९८६

चि. रोमानास,
अ. आ.

सोफा झाडून ठेवलाय. माझ्या भावाला सांग, चौदा खाल्ल्यावर चवीबद्दल बोलायचा हक्क राहत नाही.

एक ताकीद. एडमंटनच्या हॉकी संघाची ती निळी-नारिंगी टोपी घालून इथे फिरू नकोस. मागच्या वेळी बेकरीतल्या बाईने तुला कालचा पाव दिला तो काही चुकून नव्हे.

आणि दुसरं. बोहदान दर रविवारी दुपारी बिटाचा बोर्श्त प्यायला येतो. जिन्यावरचा बर्फ न सांगता काढून जातो. त्याचा बँड, द लेट शिनूक, सध्या इथे बराच गाजतोय, म्हणजे तुझ्या दहात येणारच. त्याने काही विचारलेलं नाही, मीच लिहितेय. पाच वर्षं त्याच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नाही, आणि तुझ्या पत्रांतही त्याचं नाव येत नाही. एडमंटनला माझ्या भावाच्या अंगणात एका गिटारवर दोघं शिकलात, एका ताटात जेवलात. तो नोकरीसाठी इकडे आला म्हणून तुमचा जुना बँड मोडला, एवढं मला माहीत आहे. एवढ्यावर माणसं पाच वर्षं गप्प राहत नाहीत.

ये लवकर. येताना जाड मोजे आण, तळघरात गारठा असतो.

तुझी,
स्टेफा आत्या


एडमंटन,
१७ फेब्रुवारी १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाच आठवडे तुझं मीठ खाऊन नऊ बँड दोन-दोनदा ऐकून झाले. टोपी घातली नव्हती, तरी एका गायकाने मंचावरून मला ओळखलं आणि पुढचं गाणं एडमंटनमधल्या सगळ्या बहिऱ्यांना अर्पण केलं. टाळ्या मीही वाजवल्या. गाणं चांगलं होतं.

त्या टायरच्या दुकानातल्या तीन बहिणींचा बँड, द स्पेअर्स, तुला मी भिंतीपलीकडून ऐकवला होता तो, अजून डोक्यातून जात नाही. धाकटी ड्रम वाजवते. एकोणीस वर्षांची आहे, आणि तिच्या हातात घड्याळ बसवलंय. शत्रूच्या गावात असं काही निपजावं याचा मला मनापासून राग येतो.

आता फक्त द लेट शिनूक उरलाय. पण या शनिवारी हवामानखात्याने मोठं वादळ सांगितलंय, अर्ध्या वाटेवरच्या रेड डिअरच्या पुढे बस येईल असं वाटत नाही. तू चर्चच्या गायकवृंदात चाळीस वर्षं खालच्या पट्टीत गातेस. तुझ्या कानावर माझा स्वतःपेक्षा जास्त भरवसा आहे. माझ्याऐवजी तू जाशील का? काय वाटलं ते कळव, मी ते माझं म्हणून धरीन.

लोभ आहेच, या एका उपकाराने तो आणखी वाढव.

तुझा,
रोमान


कॅल्गरी,
२४ फेब्रुवारी १९८६

चि. रोमानास,
अ. आ.

गेले होते. लोकरीची शाल, थर्मासमध्ये चहा, आणि शेजारची मिसेस डुचाक सोबतीला. दारावरच्या पोराने आम्हाला विचारलं की आजीबाई चुकलात का, बिंगो पलीकडच्या दारात आहे. मिसेस डुचाक म्हणाली, बिंगोसाठी इतकी पायपीट केली नसती, आणि सरळ आत शिरली.

तर ऐक. गाणारी पोरगी छातीतून गाते, घशातून नाही. आमच्या वृंदात तिला मी उद्या घेईन. बोहदानचा तो मोठा गिटार जमिनीसारखा पायाखाली असतो. तिसरं गाणं मात्र मध्येच जड झालं. का ते मला सांगता येणार नाही, पण माझा पाय थांबला.

हे झालं त्यांचं. आता तुझं. शनिवारी इथे चार बोटंसुद्धा बर्फ पडला नाही. मी स्टँडवर फोन करून विचारलं. एडमंटनच्या सगळ्या बस वेळेवर आल्या होत्या. आणि पाच आठवडे मी बघतेय, रविवारी बोहदान यायच्या तासभर आधी तुला परतीची बस गाठायची घाई होते. मी म्हातारी झालेय, आंधळी नाही.

काय केलंयस तू त्या पोराचं?

आशीर्वाद आहेतच, पण उत्तर आल्याशिवाय पिरोही नाहीत.

स्टेफा आत्या


एडमंटन,
२७ फेब्रुवारी १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

ऐंशी साली आमचं पहिलं ध्वनिमुद्रण ठरलं होतं, आणि त्याच आठवड्यात बोहदानला तुमच्याकडची नोकरी मिळाली. तो गेला. सांगून गेला, रडून गेला, पण गेला. पुढच्या मार्चला मला यादी लिहायचं पहिलं काम मिळालं. त्याने तिकडे नवा बँड धरला होता, हाच. मी त्याला दहावा नंबर दिला. खाली लिहिलं की यांचा कीबोर्डवाला झोपेत वाजवतो आणि बाकीचे सज्जन त्याला उठवत नाहीत. लोक खो-खो हसले. तीन दुकानांनी ते कात्रण भिंतीवर लावलं.

आत्या, मी त्यांचं एक गाणंसुद्धा ऐकलं नव्हतं. एक सूरही नाही.

त्यानंतरच्या याद्यांत मी त्यांचं नावच घेतलं नाही. दोनदा ऐकायचा हा नेम मी कशासाठी काढला ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. नऊ बँडसाठी तो पाळला, आणि ज्याच्यासाठी काढला तिथे तुझी शाल पुढे केली. मला लाज वाटते.

शनिवारी आणि रविवारी दोन्ही दिवस दुपारी त्यांचे कार्यक्रम आहेत. मी येतोय. बर्फ पडो, रस्ता बंद होवो, रेड डिअरपासून चालत यावं लागलं तरी येतोय. पुढून ऐकेन, मागून ऐकेन. त्याच्याशी बोलायचं धैर्य मात्र अजून नाही, ते एवढ्यात मागू नकोस.

लोभ उरला असेल तर राहू दे.

रोमान


कॅल्गरी,
४ मार्च १९८६

चि. रोमानास,
अनेक आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

शनिवारी तू पुढे होतास आणि रविवारी कोटांपाशी, नाकापर्यंत मफलर गुंडाळून. मी मिसेस डुचाकला घेऊन दोन्ही दिवस होते. (तिला आता सवय लागलीय.) सगळे नाचत होते आणि तू भिंतीला टेकून ताल मोजत होतास, बोटं हलत होती. लहानपणी अंगणात मोजायचास तशीच.

रोमान, त्याला पहिला नंबर दे. माझं एवढं ऐक. त्या बहिणी तरुण आहेत, त्यांना पुढच्या वर्षी मिळेल. तोंडावर माफी मागता येत नसेल तर छापून माग. न ऐकता खाली ढकललंस ना, मग थोडं हात धरून वर घेतलंस तर कुणाचं काय जातं? रविवारी कार्यक्रमानंतर आला तेव्हा त्याने बोर्श्त अर्धा तसाच टाकला. तू आला होतास हे मी त्याला सांगितलेलं नाही.

डब्यात चोवीस पिरोही आहेत. बारा तुझ्या, बारा तुझ्या बापाच्या, आणि मोजून घे.

तुझी,
आत्या


एडमंटन,
८ मार्च १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दुसरा.

रागावशील हे माहीत आहे, म्हणून आधी आकडा लिहिला. तिसऱ्या गाण्यात त्यांचा ड्रमवाला दर कडव्याला मागे पडतो. बोहदान त्याला ओढून आणतो, इतकं सफाईने की पुढच्या रांगेत कुणाला पत्ताही लागत नाही. कोटांपाशी लागतो. तुझा पाय थांबला तो तिथेच. त्या बहिणींचं असं कुठे होत नाही. त्या पहिल्या आहेत. मला आवडो न आवडो, आहेत.

एकदा रागाने खोटा नंबर दिला. आता प्रेमाने खोटा दिला तर माझ्याकडे त्याला द्यायला काही उरतच नाही. माझा पहिला नंबर घेऊन तो काय करील, जर मी तो ओशाळून कुणालाही देत असेन?

यादीच्या वर चार ओळी लिहिल्यात: द लेट शिनूकचा एक्क्याऐंशीतला दहावा नंबर या लेखकाने बँड न ऐकता दिला होता, ती लबाडी होती. संपादक म्हणाले, आपण कॅल्गरीची माफी मागत नसतो, कापा. मी म्हटलं, मग खालचं माझं नावही कापा. तासभर आरडाओरडा झाला. चौदा तारखेला छापून येईल, ओळींसकट.

तो कायमचा दुरावेल कदाचित. तरीही दुसराच.

लोभ कमी केलास तरी बोल लावणार नाही.

तुझा,
रोमान


कॅल्गरी,
१९ मार्च १९८६

प्रिय रोमान,
स. न. वि. वि.

तुझ्या आत्याच्या टेबलाशी बसून लिहितोय. त्या ओट्यापाशी पाठ करून उभ्या आहेत आणि आपण वाचतच नाही असं दाखवताहेत.

यादी वाचली. वरच्या ओळी लिहायची गरज नव्हती. न ऐकता दिलास हे मला एक्क्याऐंशीतच कळलं होतं. आमच्याकडे कीबोर्ड कधीच नव्हता. तुला कोणी सांगितलं नाही का? इथे आम्ही वर्षभर त्या झोपलेल्या माणसाच्या नावाने बिअर पीत होतो. पहिले काही महिने मी त्या हसण्यात नव्हतो. तू शिव्या दिल्यास याचं एवढं लागलं नाही. मला ऐकायलासुद्धा आला नाहीस, हे लागलं.

शुक्रवारी आत्याबाईंनी पेपर लपवला होता. त्यांना वाटलं मला वाईट वाटेल. मी तो ब्रेडच्या डब्यातून काढला. पहिला नंबर दिसला असता ना, तर तिथल्या तिथे चुलीत घातला असता आणि तुझं नाव पुन्हा काढलं नसतं. तिसऱ्या गाण्याबद्दल मी आमच्या ड्रमवाल्याशी दोन वर्षं भांडतोय. मी त्याला सांभाळून घेतो हे बँडमध्ये कुणालाही माहीत नाही. प्रेक्षकांत तर नाहीच. तुला ऐकू आलं. इतकं नीट मला पाच वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

मफलरवालाही दिसला होता. भिंतीवर ताल मोजणारी तसली बोटं मला एकाच माणसाची माहीत आहेत.

आता ऐक. इथल्या साप्ताहिकाला एडमंटनच्या बँडची यादी हवी आहे आणि या वर्षी ती मी मागून घेतलीय. पुढच्या शुक्रवारच्या बसने येतोय. सोफा तयार ठेव. दहाही बँड ऐकणार, प्रत्येक दोनदा. तुझा नवा बँडही त्यात आहे, आणि कोट कुठे टांगतात ते मला आधी दाखव.

पहिल्या नंबराची आशा धरू नकोस.

तुझाच,
बोहदान

ता. क. आत्याबाई सांगतात, येताना पिरोहींचा रिकामा डबा आण म्हणावं. मी त्यांना म्हटलं की मी जातोय, तो येत नाहीये. त्या म्हणतात, परत येताना दोघं या.