कापलेली पाणकणसं

देवडी,
भादरवा सुद बीज

भाई शना,

जय रणछोड. परवा सकाळी दुधाचा कॅन घेऊन डेरीवर गेलो आणि भिंतीवरचा मी काढलेला फोटो खाली उतरवला. भाभींच्या गुडघ्याला आराम असेल. इथे पाऊस बरा झाला, भात पोटरीत आलं आहे. फोटो का उतरवला ते लिहायला बसलो, आणि बघ, गुडघा आणि भातच आधी लिहून झालं.

फोटो तुझ्या ओळखीचा आहे. गेल्या वर्षीच्या श्रावणातला. तळ्यातल्या घरट्यावर सारस मादी, शेजारी चोच आभाळाकडे करून नर. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आला. पुतण्याने अमेरिकेहून आणलेला कॅमेरा आणि रावजीचा डोळा, असं सगळे म्हणाले.

त्याआधी मी काय केलं, ते कुणी विचारलं नाही. घरट्यापुढे पाणकणसं दाट होती, नुसती लाल मान दिसायची. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो आणि विळ्याने समोरची सगळी कापली. जोडी दूर सरली, मग परत आली. फोटो मिळाला. मला आणखी एक हवा होता. अजून जवळ गेलो, तशी दोघं ओरडत उठली. घरटं उघडं पडलं. दोन कावळे उतरले. मी ओरडत धावलो. पाण्यात धावता येत नाही, शना. दोन्ही अंडी गेली.

दुपारी तुझा काळियो काठावर कवच चाटताना सापडला, तेव्हा मी तिथेच वडाखाली उभा होतो.

"शनाच्या कुत्र्यानं गावाचं नाक कापलं," अंबालालकाका म्हणाले. "आता पोरीचं लग्न झालं की जोडप्याला कोणत्या तोंडानं सारसाच्या जोडीच्या दर्शनाला आणणार हा?"

तू माझ्याकडे वळलास. "रावजी, तू सकाळपासून तळ्यावर होतास. बोल ना!"

"मी फोटो काढत होतो," एवढंच मी म्हणालो. खोटं नव्हतं. त्यानंतर वर्षभर ठाकोरजींपुढे दिवा लावताना हेच वाक्य तोंडात यायचं, आणि आरती अर्ध्यावर अडायची.

तू काळियोला घेऊन मुलाकडे सुरतेला गेलास. आता कोकिलाचं लग्नही तिकडेच करणार, असं कळलं.

परवा डेरीच्या रांगेत सगळे होते. मी फोटो मांडीवर घेतला, काचेवर बोट ठेवलं. "हे बुंधे बघा. तिरपे कापलेत. कुत्रा विळा धरतो का?" मग बाकीचं सांगितलं.

अंबालालकाकांनी हातातला कॅन खाली ठेवला.

"वर्षभर याच फोटोखाली दूध घालत होतास की रे!" अंबालालकाका म्हणाले. "उद्यापासून तळ्यावर दिसू नकोस."

रेवाबेन म्हणाल्या, "आणि शनाभाईला? त्यांना कोण सांगणार?"

"मीच," म्हटलं.

दोन दिवस तळ्यावर गेलो नाही. यंदा नवी जोडी बसली आहे, तिची साद ओट्यापर्यंत येते. मी आत जाऊन बसतो.

लग्न गावात कर. कोकिलाला आणि जावईबापूंना दर्शनाला तू ने. मी वडापर्यंतसुद्धा येणार नाही. मला माफ कर, असं लिहायचा धीर नाही.

तू म्हणाला होतास, बोल ना.

बोललो, शना.

रावजी