भावनाचा सोफा

डोंबिवली (प.)
दि. ९ मार्च २०२५

चि. शिवानी हिस,
आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल, तुझी खुशाली कळवत जावी.

हॉस्टेलवर जाताना तू पत्रांचं कबूल करून घेतलंस ते फार बरं केलंस. फोन कानाला लावला की मला नुसती घरघर ऐकू येते. उभं आयुष्य एस.टी. चालवली, इंजिनाशेजारी बसून कान राहणार कसे! पत्रातली नात मात्र मला स्वच्छ ऐकू येते.

आता मुख्य बातमी. तुझ्या एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी ज्या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केलास, त्यांच्या टेंभी नाक्याच्या ऑफिसातून कलावतीबाई म्हणून कुणी घर बघायला येऊन गेल्या. आदल्या दिवशी तुझ्या आईला त्यांचा निरोप आला आणि मी लगेच कंबर कसली. शेजारच्या भावनाचा सोफा उचलून आणला. शेजारच्याच पंढरीने त्याचा मोठा टीव्ही आपल्या भिंतीला लावून दिला. तुझ्या आईचं शिलाई मशीन चादरीने झाकून वर फुलदाणी ठेवली. ती कुरकुरत होती, पण मी तिला गप्प केलं. मितेशला सांगून त्याची गाडी बरोबर आपल्या दारासमोर लावायला लावली. बाईंनी गाडी कुणाची म्हणून विचारलं, तर मी घरचीच म्हणून सांगितलं. आता सख्खा पुतण्या काय परका असतो? तुझा बाबा रवींद्र काय करतो, असंही त्यांनी विचारलं. तो वाहतूक व्यवसायात आहे म्हणालो. त्यात खोटं काय?

काजूकतली ठेवली होती, बाईंनी दोन खाल्ल्या. चारी बाजूंनी घर बघून त्यांनी बरंच काही लिहून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी! अशा घरातल्या मुलीला कोण नाही म्हणेल? आता निर्धास्त अभ्यास कर. रात्री जागरणं नकोत.

तुझा,
शिवराम आजोबा


घोडबंदर रोड, ठाणे
दि. १९ मार्च २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रस्टचा फोन आला आणि हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी रडले. आईला मी फोनवर सगळं सांगितलंय, पण आजोबांना मीच लिहीन, तू काही बोलू नकोस, असं तिला बजावलंय.

आजोबा, ही शिष्यवृत्ती ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आहे. अर्जात मी सगळं खरं लिहिलं होतं. बाबांची कंपनी बंद पडली, आता ते शाळेची बस चालवतात, आई ब्लाउज शिवते. आणि कलावतीबाईंच्या अहवालात आहे सोफा, मोठा टीव्ही, गाडी आणि वाहतूक व्यवसाय. त्यांनी माझं नाव यादीतून काढलंय. कारण लिहिलंय, उमेदवाराने दिलेली माहिती खोटी. काही सांगायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत ऑफिसात येऊन सांगा म्हणाले.

पैसे नाही मिळाले तर मी वर्षभर नोकरी करेन, मग पुढचं बघेन. त्याचं इतकं वाटत नाही. पण खोटारडी म्हणून माझं नाव कुठेतरी लिहिलेलं राहणार, हे सहन होत नाही. मी जाऊन सांगितलं तरी ते का ऐकतील? जिने आधीच खोटं लिहिलं असं त्यांना वाटतंय, तिचंच तोंड ना हे.

मला तुमचा राग आलाय. लिहून टाकते म्हणजे पोटात राहणार नाही. तुम्ही स्वतः एस.टी. चालवलीत, घाटातले किस्से आम्हाला छाती फुगवून सांगितलेत. मग बाबांच्या बसची तुम्हाला लाज का वाटली?

बी.पी.ची गोळी वेळेवर घ्या. राग आहे म्हणून काळजी थोडीच सुटते.

तुमचीच,
शिवानी


डोंबिवली (प.)
दि. २७ मार्च २०२५

चि. शिवानी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मीच तुझ्यावर चिडलो. आजोबांना असं विचारतात का, म्हणून घरभर बडबडलो. तुझ्या आईने अजून आपल्याकडेच असलेल्या सोफ्याखालचा केर काढला आणि भावनाला हाक मारून सोफा परत न्यायला सांगितला. तेव्हा खाली बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लाज बसची नाही गं. रवींद्र कंपनीत ऑफिसर झाला तेव्हा मी साऱ्या डेपोत पेढे वाटले होते. माझ्या मुलाच्या हाती स्टिअरिंग येणार नाही, असं सगळ्यांना सांगत सुटलो होतो. उतारवयात ते त्याच्या हाती आलेलं बघून माझा जीव तुटतो. त्याला तसं म्हणता येत नाही, म्हणून बाहेरच्यांसमोर झाकत बसतो. तो बिचारा रोज इस्त्रीचा शर्ट घालून हसतमुखाने कामाला जातो. झाकाझाक माझीच चालली आहे.

काल टेंभी नाक्याला जाऊन आलो. ऑफिसात पुष्कळ मुलांचे आईबाप बाकांवर बसले होते. चारचौघांत शोभा नको, म्हणून कलावतीबाईंच्या अगदी कानाशी गेलो आणि हळूच सांगितलं की माझी नात खरं बोलली, खोटं मी बोललो. सोफा, टीव्ही, गाडी, सगळं कुणाकुणाचं तेही सांगितलं. मुलगा शाळेची बस चालवतो, हेसुद्धा. बाईंनी पुढे काही विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली आणि निघालो.

आता त्यांनी काय करायचं ते त्यांच्या हाती. तू मात्र माझ्यावरचा राग हळूहळू उतरव, एकदम नको. तेवढी शिक्षा मला असू दे.

तुझा चुकलेला,
आजोबा


घोडबंदर रोड, ठाणे
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

शिष्यवृत्ती मिळाल्याचं आईने तुम्हाला तेव्हाच पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, आणि तुम्ही ती पाटी आठवडाभर पुसू दिली नाहीत, हे मला कळलंय. पण काही गोष्टी परवाच कलावतीबाईंकडून समजल्या.

हळूच सांगितलंत म्हणे! आजोबा, खालच्या झेरॉक्सवाल्यानेसुद्धा ऐकलं. तुम्ही गेल्यावर बाई न कळवता पुन्हा आपल्या घरी आल्या. आईने शिवता शिवताच त्यांना बसायला सांगितलं आणि हातातला ब्लाउज पुरा करून मग चहा टाकला. बाई म्हणाल्या, त्यांना तेव्हाच सगळं कळलं. जुना शेरा त्यांनी स्वतः खोडला. मला तुमचा राग नाही, कधीच उतरलाय. तुमचा मला फार अभिमान वाटतो.

आता ऐका. शिष्यवृत्ती मिळालेल्यांनी पुढच्या मुलांची घरं बघायला ट्रस्टच्या लोकांबरोबर जायचं, असा तिथला नियम आहे. काल माझी पहिली पाळी होती, बरोबर कलावतीबाई आणि ट्रस्टचे आणखी एकजण. शीळफाट्याच्या पुढे एका खोलीत प्रियांका सुर्वे नावाची मुलगी राहते, तिला यंदा एम.बी.ए.ला प्रवेश मिळालाय. तिची आजी, रंभाबाई, दारातच उभी होती. सगळं आमचं बरं चाललंय, पोरीला उगाच अर्जाचा सोस, असं ती आम्हां तिघांना सांगत होती. प्रियांका मान खाली घालून बसली होती.

मग आजीने स्टीलच्या ताटल्यांमधून खायला आणलं. चकली, लाडू, बर्फी, कशाची कमी नाही. मी ताटली हातात घेतली आणि सवयीने कडेवर कोरलेलं नाव वाचलं. माझ्या ताटलीवर होतं गायकर. कलावतीबाईंच्या ताटलीवर पाष्टे. तिसरीवर मोकल. सुर्वे कुठेच नव्हते.

मी आजीला काही विचारलं नाही. लाडू सगळा खाल्ला, आणखी एक मागून घेतला. बाहेर पडल्यावर कलावतीबाईंनी कागद माझ्याकडे दिला आणि शेरा तूच लिही म्हणाल्या. मी लिहिलं, मदतीची गरज आहे, शेजार चांगला आहे.

आई-बाबांना नमस्कार. भेटीची ओढ आहेच, गणपतीत येते.

तुमची लाडकी,
शिवानी