दादाची डावी रायफल

रविवार, १४ डिसेंबर. परभणी

दादा डावखुरा, म्हणून त्याच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायला ओढायची दांडी, डावीकडे. तो गेल्यापासून मी तीच वापरते. दर गोळीनंतर माझा उजवा हात वरून पलीकडे न्यावा लागतो, गाल दस्त्यावरून उचलला जातो, नेम हलतो. आज क्लबमध्ये सर म्हणाले, "ताई, निवड स्पर्धा जवळ आली. किती दिवस दादाच्या हातानं मारायलाव?" त्यांनी उजव्या बोल्टची रायफल दिली. गाल हललाच नाही. पाच गोळ्या मारल्या, लक्ष्यावरची पाचही छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. मला आनंद झाला. का झाला? मघापासून तेच डोक्यात आहे.

घरी आईनं विचारलं, "दादाचीच ठेवायलीस ना?"

हो म्हटलं. सरांना मात्र येतानाच नवीसाठी होकार देऊन आले होते.